चित्रतुरग ते चित्रविमान : युद्धविमानांच्या संगणकीय अनुकृतीचा साहित्यशास्त्रीय विचार

१. कागदावरचे विमान

चेन्नईच्या दक्षिणेकडील क्रोमपेट या उपनगराला तेथील क्रोम चामड्याच्या कारखान्यावरून नाव मिळाले. १९४९ साली सी. राजम यांनी तेथे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापना केली. १९७८ साली ही संस्था अण्णा विद्यापीठात समाविष्ट झाली. १९५०च्या दशकात या संस्थेत एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या गटाला कमी उंचीवरून हल्ला करणाऱ्या विमानाचा आराखडा तयार करण्याचे काम देण्यात आले. त्या गटात ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. अरुण तिवारी यांच्या लेखनसहकार्याने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'विंग्ज ऑफ फायर' या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रसंग आला आहे, आणि माधुरी शानभाग यांच्या 'अग्निपंख' या अनुवादामुळे तो मराठी वाचकांच्याही परिचयाचा आहे. विमानाचा वायुगतिकीय आराखडा कलामांकडे होता. इंजिन, सांगाडा, नियंत्रण, उपकरणे ही अंगे इतरांनी वाटून घेतली होती. संचालक प्रा. श्रीनिवासन यांना कामाची प्रगती निराशाजनक वाटली. शुक्रवारी दुपारी त्यांनी सोमवार सकाळपर्यंतची मुदत दिली आणि तोवर रेखाटन पूर्ण न झाल्यास शिष्यवृत्ती बंद होईल, असे बजावले. रेखाटन पूर्ण झाले आणि परीक्षक संतुष्ट झाले.

याच आत्मचरित्रात आणखी एक उल्लेख आहे. संस्थेच्या तमिळ संघाने घेतलेल्या निबंधस्पर्धेत 'आपले विमान आपणच बनवू या' अशा आशयाच्या निबंधाला पहिले पारितोषिक मिळाले आणि ते 'आनंद विकटन' या लोकप्रिय साप्ताहिकाचे संपादक देवन यांच्या हस्ते देण्यात आले. एकाच विद्यार्थ्याच्या हातून एक विमान तमिळ गद्यात आणि एक ड्रॉइंग बोर्डावर उतरले. पुढे या दोन्ही गोष्टी इंग्रजी आत्मचरित्रात आल्या आणि तेथून तमिळ, मराठी व अन्य भारतीय भाषांत गेल्या. प्रत्यक्ष विमान मात्र झाले नाही. ते होण्याची अपेक्षाही नव्हती.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष येथे दोन गोष्टींकडे जावयास हवे. आत्मचरित्रात या विमानाचे वर्णन जवळजवळ नाही. त्याचे पंख कसे होते, वेग किती धरला होता, शस्त्रे कोणती योजली होती, याविषयी वाचकाला काही कळत नाही; कळते ते मुदतीचे दडपण, जागरण आणि गुरूची पारख. विमान हे कथनाचे निमित्त ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'कमी उंचीवरून हल्ला करणारे विमान' या शब्दप्रयोगातच खाली कोणीतरी असणे गृहीत आहे. ज्याच्यावर हल्ला व्हावयाचा तो आराखड्यात नाही, निबंधात नाही आणि आत्मचरित्रातही नाही.

आज अशा आराखड्याला कागदापुरते राहण्याचे कारण उरलेले नाही. घरगुती संगणकावर चालणाऱ्या युद्ध-उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये वापरकर्ता स्वतः युद्धविमान किंवा रणगाडा घडवू शकतो, तो चालवू शकतो आणि त्याने लढूही शकतो. या कृतीला बहुधा छंद म्हणून बाजूला सारले जाते. परंतु अनुकरण म्हणजे काय, अनुकृतीची सत्यता कशावर ठरते आणि ती कोणाच्या दृष्टीने ठरते, हे साहित्यशास्त्रातील जुने प्रश्न या कृतीत नव्या स्वरूपात उभे राहतात. त्यांतील शेवटचा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

२. चित्रविमानाची घडण

सिम्युलेटरसाठी विमान घडविणे म्हणजे विमानाचे चित्र काढणे नव्हे. अशा विमानाला किमान चार अंगे असतात. पहिले अंग दृश्य आकृतीचे : बहुभुजांची जाळी विणून विमानाचा त्रिमितीय देह उभा केला जातो आणि त्यावर रंग, खुणा, पथकाची चिन्हे, झिजलेल्या पत्र्याचे डाग यांचा पट चढविला जातो. दुसरे अंग उड्डाणाच्या गणिताचे : विमानाचे वजन, ते वजन कोठे केंद्रित झाले आहे, पंखांना वर उचलणारे बल कोणत्या कोनात किती वाढते व कोठे एकदम ढासळते, हवेचा अवरोध, इंजिनाचा रेटा, अशा राशी कोष्टकांत भरल्या जातात. तिसरे अंग वैमानिकाच्या कक्षाचे : तबकड्या, कळा, काचेची चौकट आणि त्या चौकटीतून दिसणारे जग. चौथे अंग हानीचे : कोणत्या भागावर किती मारा झाला म्हणजे काय निकामी व्हावे, याचा हिशेब. मायक्रोसॉफ्टच्या १९९८ सालच्या 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये या अंगांच्या फाइली वेगवेगळ्या होत्या. हानीचा आराखडा स्वतंत्र फाइलीत असे आणि विमानाचे काही नियम साध्या मजकुराच्या फाइलीत वाचता व बदलता येत. विमान हा अक्षरशः संपादनयोग्य मजकूर झाला होता.

हा मजकूर कोणी लिहावा, याविषयी धोरणे वेगवेगळी राहिली. ओलेग मॅडॉक्स यांच्या 'इल-२ स्टुर्मोव्हिक' (२००१) या सिम्युलेटरमध्ये बाहेरच्या कारागिरांनी केलेल्या त्रिमितीय आकृती तपासून स्वीकारल्या जात, परंतु उड्डाणाचे गणित मूळ निर्मात्यांनी आपल्या हाती ठेवले. आंतरजालावर समोरासमोर लढणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचे विमान गुपचूप अधिक चपळ करू नये, हा त्यामागचा हेतू होता. उलट 'फ्लाइटगिअर' हा मुक्त स्रोताचा सिम्युलेटर पहिल्यापासून सर्वांना खुला आहे. त्यातील विमान उघडून पाहणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा वाटणे हा परवान्याने दिलेला हक्क आहे. पहिल्या व्यवस्थेत देह सर्वांचा आणि प्राण संस्थेचा, तर दुसऱ्या व्यवस्थेत दोन्ही सामाईक, असा हा भेद आहे. लिखित संहितेवर कवीचा हक्क आणि मौखिक परंपरेतील रचनेवर समूहाचा हक्क, या परिचित भेदाशी तो समांतर आहे.

या निर्मितीतील सर्वांत विलक्षण टप्पा पडताळणीचा आहे. घडविलेले विमान उडवून पाहिले जाते. धावपट्टीवर ते अपेक्षित अंतरात उचलले जात नसेल, वळणात अकारण कोसळत असेल, तर मजकुरात चूक आहे असे मानले जाते. कादंबरीतील पात्र खोटे वाटले तर वाचक तशी तक्रार करतो. येथे रचना स्वतःच कोसळते. प्रा. श्रीनिवासन यांच्या जागी आता समीकरणे बसली आहेत. मात्र विमान उडाले म्हणजे ते खरे झाले असे नव्हे, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

३. घोडा, लगाम आणि अनुकृती

संस्कृत साहित्यशास्त्रात अनुकरणाचा सर्वांत सूक्ष्म विचार श्रीशंकुकाच्या नावावर आहे. त्याचे भाष्य आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त खंडनासाठी त्याचे मत मांडले आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचा सारांश दिला, म्हणून ते आपल्याला कळते. रामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाहताना प्रेक्षकाला होणारे ज्ञान हे यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे आणि 'हा रामासारखा आहे' असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातील घोड्याला पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो तशा प्रकारची ती प्रतीती आहे, असे शंकुकाचे प्रतिपादन आहे. हाच चित्रतुरगन्याय. या प्रतीतीच्या आधारे प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो. अनुमानाची साधने कृत्रिम असली तरी ती कृत्रिम वाटत नाहीत, आणि म्हणून आस्वाद शक्य होतो.

योगायोगाने ग्रीक परंपरेतही अनुकरणाच्या चर्चेत घोडा येतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात लगामाचे उदाहरण आहे. लगाम कसा असावा हे खऱ्या अर्थाने घोडेस्वार जाणतो. चर्मकार आणि लोहार त्याच्या सांगण्यावरून तो बनवितात. चित्रकार मात्र या दोघांचेही ज्ञान नसताना तो रंगवितो. वापरणारा, बनविणारा आणि अनुकरण करणारा अशी ही उतरती श्रेणी आहे. चित्रकाराला तिसरे स्थान मिळते ते त्याचे चित्र वापरात कधीच तपासले जात नाही म्हणून.

सिम्युलेटरमधील विमान या दोन्ही मांडण्यांना अडचणीत टाकते. येथे एकच व्यक्ती विमान रंगविते, त्याची यंत्रणा लिहिते आणि त्यावर स्वारही होते. प्लेटोने वेगळ्या ठेवलेल्या तिन्ही भूमिका एकवटतात. शंकुकाच्या चित्रतुरगावर कोणी बसत नाही; चित्रविमानात बसता येते. म्हणून या अनुकृतीला चित्राच्या वर आणि यंत्राच्या खाली असे एक तिसरे स्थान द्यावे असा मोह होतो. परंतु स्वार ज्या लगामाची परीक्षा करतो तो त्याने स्वतःच रंगविलेला आहे आणि ज्या घोड्याला तो लावला तोही चित्रातलाच आहे. परीक्षा होते, पण ती अनुकृतीच्या परिघातच होते.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी शंकुकावर घेतलेला आक्षेप येथे उपयोगी पडतो. अनुकरण म्हणता ते कोणाच्या दृष्टीने, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने म्हणावे तर त्याने राम कधी पाहिलेला नाही; मूळ न पाहता अनुकरण ओळखता येत नाही. नटाच्या दृष्टीने म्हणावे तर त्यानेही राम पाहिलेला नाही. विवेचकाच्या दृष्टीने म्हणावे तर विवेचन अनुभवाच्या मागून येते. भरताच्या वचनातही तसा आधार नाही. हा आक्षेप चित्रविमानाला तंतोतंत लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धातील विमान घडविणाऱ्या तरुणाने ते उडविलेले नसते, बहुधा पाहिलेलेही नसते. त्याचे वापरकर्तेही त्याच स्थितीत असतात. तरीही 'हे विमान अगदी खऱ्यासारखे आहे' असा निर्वाळा सर्रास दिला जातो. मूळ कोणी पाहिलेले नसताना ही निष्ठा कशाशी आहे?

क्रोमपेटच्या संस्थेत शिक्षणासाठी दोन निवृत्त विमाने ठेवलेली होती आणि त्यांचे आपल्याला विलक्षण आकर्षण होते, असे कलामांनी लिहिले आहे. आकाश सोडून वर्गाच्या सेवेत आलेले हे विमान म्हणजे खरा घोडा असून चित्रतुरगाचे काम करणारा घोडा होय. त्याच्याकडे बोट दाखवून 'हे विमान' म्हणताना विद्यार्थी जी क्रिया करतो ती शंकुकाने वर्णिलेल्या प्रतीतीपासून फार दूर नाही. मूळ आणि अनुकृती यांतील सीमा संगणकाच्या आधीही वाटते तितकी पक्की नव्हती.

४. प्रमाण आणि पाठ

भट्टतौतांच्या प्रश्नाला या क्षेत्रातील व्यवहार एक उत्तर देतो. ही निष्ठा वस्तूशी नसून कागदपत्रांशी असते. विमानाची हस्तपुस्तिका, कारखान्यातील रेखाटने, चाचणी-वैमानिकांचे अहवाल, युद्धकाळातील छायाचित्रे, संग्रहालयातील अवशेषांची मोजमापे, यांवरून विमान पुन्हा उभे केले जाते. साधने परस्परविरोधी असतात. एका अहवालातील वेग दुसऱ्याशी जुळत नाही, कारण एकातील विमान नवे व हलके होते आणि दुसऱ्यातील शत्रूकडून हस्तगत केलेले, थकलेल्या इंजिनाचे होते. कोणता आकडा ग्राह्य धरावा याचा निर्णय घ्यावा लागतो. हे काम पाठचिकित्सेचे आहे.

चेन्नईला या कामाची मोठी परंपरा आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी गावोगाव हिंडून ताडपत्रांवरील पोथ्या मिळविल्या आणि त्यांवरून प्राचीन तमिळ ग्रंथ सिद्ध केले. त्यांची 'जीवकचिंतामणी'ची आवृत्ती १८८७ साली निघाली. १९०३ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. त्यांचे आत्मचरित्र त्याच 'आनंद विकटन' साप्ताहिकातून १९४०च्या दशकाच्या आरंभी क्रमशः प्रसिद्ध झाले. शंकुकाचे मतही असेच पुनर्रचित आहे : केरळात मिळालेल्या हस्तलिखितांवरून रामकृष्ण कवी यांनी सिद्ध केलेला 'अभिनवभारती'सहित नाट्यशास्त्राचा पहिला खंड १९२६ साली बडोद्याहून निघाला, तेव्हा कोठे या वादाचा मूळ संदर्भ अभ्यासकांच्या हाती आला. हरवलेले विमान आणि हरवलेले भाष्य यांना पुन्हा उभे करणाऱ्यांच्या अडचणी एकाच जातीच्या आहेत.

फरक पडतो तो गाळलेल्या जागांबाबत. पाठसंपादक जेथे पोथी कुरतडलेली आहे तेथे जागा रिकामी सोडतो, आपला तर्क टीपेत देतो. विमान घडविणाऱ्याला ही मुभा नाही. कोष्टकातील एक रकाना रिकामा राहिला तर विमान उडणार नाही. म्हणून जे ठाऊक नाही तेही भरावेच लागते. 'फ्लाइटगिअर'मध्ये वापरल्या जाणाऱ्या दोन उड्डाण-यंत्रणांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. 'जेएसबीसिम' या यंत्रणेला वायुगतिकीय सहगुणक कोष्टकांच्या रूपाने द्यावे लागतात. वातबोगद्यातील चाचण्या किंवा उड्डाणाची नोंदलेली माहिती असेल तर ती थेट वापरता येते. 'यासिम' या यंत्रणेला विमानाची भूमिती आणि सर्वसाधारण वेगातील व उतरतानाच्या स्थितीतील कामगिरी सांगितली जाते. त्या कामगिरीशी जुळतील असे सहगुणक ती स्वतः मागे जाऊन शोधते. पहिली पद्धत आप्तवाक्याच्या आधारे चालते, दुसरी कार्यावरून कारणाचे अनुमान करते. शंकुकाचा अनुमितिवाद येथे गणिती पद्धत म्हणून अवतरला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्याचबरोबर या अनुमानाची मर्यादाही उघड आहे : ज्ञात दोन स्थितींत विमान बरोबर वागेल, त्यांच्या मधल्या आणि पलीकडच्या स्थितींत ते केवळ संभाव्य असेल. वापरकर्त्याला मात्र ज्ञात आणि संभाव्य यांतील सांधा दिसत नाही. टीप नसलेली ही आवृत्ती आहे.

असा सांधा उघडा करून दाखविण्याचे एक भारतीय उदाहरण चित्रविमानांच्या संदर्भात प्रसिद्ध आहे. सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाला जोडून शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या विमानांची रेखाटने टी. के. एल्लप्पा यांनी केली. चौपाटीवरील १८९५ सालच्या तळपदे यांच्या विमानाच्या आख्यायिकेमुळे महाराष्ट्रातही या ग्रंथाविषयी कुतूहल राहिले. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी या रेखाटनांची वायुगतिकीय तपासणी केली आणि ग्रंथाच्या भाषेवरून व इतिहासावरून त्याचा काळही तपासला. ही विमाने उडण्यास असमर्थ आहेत आणि ग्रंथ प्राचीन नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. रेखाटनाला आराखडा म्हणून गंभीरपणे घेतले आणि त्याच वेळी ग्रंथाला ग्रंथ म्हणून तपासले, हे या अभ्यासाचे विशेष. चित्रविमानाच्या समीक्षेला दोन्ही हात लागतात. समीकरण केवळ संभवाविषयी बोलते. प्रामाण्याविषयी बोलण्यासाठी पाठचिकित्साच हवी.

भारतीय विमानांच्या बाबतीत या कामाला स्मरणसंवर्धनाचेही मूल्य आहे. कुर्ट टांक यांनी जर्मनीत रचलेले 'फोक-वुल्फ १९०' हे विमान 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर' आणि 'इल-२' या दोहोंच्या मूळ संचांत होते. त्याच टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रचलेले 'एचएफ-२४ मारुत' १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. एकूण १४७ मारुत बनले आणि १९७१च्या युद्धात ते लढले. असे विमान सिम्युलेटरमध्ये हवे असेल तर ते बहुधा हौशी कारागिराच्याच हातून येते. मारुताच्या जन्मकथेतील एक तपशील येथे अर्थपूर्ण आहे : प्रत्यक्ष विमानाआधी त्याच आकाराचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर तयार करून १९५९ साली उडविण्यात आले होते. अनुकृती मूळाच्या आधी आली. मूळ निवृत्त झाल्यावरही अनुकृती उरते. भारतीय वायुदलातील 'मिग-२१'ची १९६३ साली सुरू झालेली सेवा २६ सप्टेंबर २०२५ रोजी संपली. 'डीसीएस' सिम्युलेटरमधील 'मिग-२१बिस' २०१४ पासून उडत आहे. या विमानावर प्रत्यक्ष काम केलेले वैमानिक आज हयात असल्याने भट्टतौतांच्या आक्षेपाला येथे काही काळ तरी उत्तर आहे : मूळ पाहिलेला प्रेक्षक उपलब्ध आहे. काही दशकांनी तो राहणार नाही आणि मग अनुकृती हेच प्रमाण होऊन बसेल. म्हणूनच कोणता आकडा कोठून घेतला, कोणता अनुमानाने भरला, याची नोंद चित्रविमानाबरोबर ठेवली जाणे ही केवळ तांत्रिक शिस्तीची बाब नाही.

५. खालची जमीन

आतापर्यंतच्या विवेचनात निष्ठेचा विचार वैमानिकाच्या आसनावरून झाला. भट्टतौतांचा प्रश्न मात्र तेवढ्यावर संपत नाही. 'कोणाच्या दृष्टीने' याचे आणखी एक संभाव्य उत्तर आहे : ज्याच्यावरून विमान जाते त्याच्या दृष्टीने.

ज्याच्या नावावर सिम्युलेटर निघाला ते 'इल-२' हे सोव्हिएत विमान कमी उंचीवरून हल्ला करण्यासाठीच बनविलेले होते. ते ३६,०००हून अधिक संख्येने तयार झाले. क्रोमपेटच्या विद्यार्थ्यांना दिलेला विषय याच कुळातला. अशा विमानाचा सारा अर्थ जमिनीवर असतो. तरीही सिम्युलेटरमध्ये विमान आणि जमिनीवरील वाहन यांच्या घडणीत मोठी तफावत असते. विमानाच्या कक्षातील एकेक खिळा दाखविला जातो; रणगाड्याला बाह्य आकार, वेग, चिलखताची जाडी आणि नष्ट झाल्यावरची जळकी आकृती एवढे पुरते. यामागे तांत्रिक कारण आहे. संगणकाची क्षमता मर्यादित असते आणि वरून काही क्षण दिसणाऱ्या वस्तूवर ती खर्च करणे परवडत नाही. पण काटकसर कोठे करावी हा निर्णयच दृष्टिकोन ठरवितो. कादंबरीत दुय्यम पात्र सपाट ठेवण्यामागेही असेच काटकसरीचे तत्त्व असते, आणि कोणाला सपाट ठेवले यावरून समीक्षक कादंबरीची मूल्यदृष्टी ओळखतो.

चेन्नईच्या पश्चिमेस आवडी येथे भारताचा रणगाड्यांचा मोठा कारखाना आहे. 'विजयंता' रणगाडा तेथे १९६०च्या दशकात बनू लागला आणि पुढे 'अर्जुन'ही तेथेच घडला. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला हल्ला करणाऱ्या विमानाचे चित्र रेखाटले गेले आणि दुसऱ्या टोकाला अशा हल्ल्याचे लक्ष्य होऊ शकणारे वाहन कामगारांच्या हातांनी जोडले गेले. रणगाड्यात माणसे बसतात, हे आवडीच्या कामगाराला विसरता येत नाही; बसण्याची जागा त्यालाच करावी लागते. सिम्युलेटरसाठी रणगाडा घडविणाऱ्याला ते सहज विसरता येते, कारण त्याच्या जाळीत आतली बाजू विणण्याची गरजच नसते.

या शहराला खालच्या बाजूचा अनुभवही आहे आणि त्या अनुभवाने भाषेत स्वतःची अनुकृती निर्माण केली आहे. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर सुमारे १३० तोफगोळे डागले. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, माणसे मेली आणि नौका अंधारात निघून गेली. 'एम्डेन' स्वतः अनुकृतीच्या कलेत निष्णात होती. ब्रिटिश क्रूझर वाटावी म्हणून ती खोटे चौथे धुराडे उभारीत असे. पुढे तमिळमध्ये 'एम्डन' हा शब्द धूर्त, धाडसी, हाती न लागणाऱ्या माणसासाठी रूढ झाला. युद्धयंत्राची ही भाषिक प्रतिकृती तपासून पाहण्यासारखी आहे. तिच्यात नौकेचा आकार नाही, वजन नाही, तोफांचा व्यास नाही. अचानक येणे, फसविणे आणि निसटणे एवढेच उरले आहे. म्हणजे खाली असलेल्यांना जे जाणवले तेवढेच. सिम्युलेटरच्या कसोटीवर ही प्रतिकृती शून्य ठरेल. अनुभवाच्या कसोटीवर ती शंभर वर्षे टिकली आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी नौदलाच्या विमानांनी कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. त्यानंतर मद्रासवर हल्ला होणार या भीतीने सरकारी कचेऱ्या हलविण्यात आल्या, लोकांनी मोठ्या संख्येने शहर सोडले, प्राणिसंग्रहालयातील हिंस्र प्राणी मारून टाकण्यात आले. अपेक्षित असलेला हल्ला तेव्हा झालाच नाही. न आलेल्या विमानांनी शहर रिकामे केले. शंकुकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हेतू कृत्रिम होता, अनुमान मात्र झाले आणि त्याचे परिणाम खरे झाले. हेही एक चित्रविमानच. परंतु ते वरून नव्हे, खालून रेखाटलेले.

या दोन प्रकारच्या चित्रविमानांची तुलना केली असता निष्ठेची कल्पना बदलते. वरून रेखाटलेले विमान मोजमापांत परिपूर्ण आणि परिणामांत रिक्त असते. खालून रेखाटलेले विमान परिणामांत परिपूर्ण आणि मोजमापांत रिक्त असते. दोन्ही अनुकृती अपुऱ्या आहेत. पण पहिलीच्या अपुरेपणावर 'वास्तवदर्शी' या विशेषणाचे आवरण पडते, आणि हे आवरण दूर करणे समीक्षेचे काम आहे. सिम्युलेटर हिंसेला उत्तेजन देतो की नाही हा समाजशास्त्राचा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. हौशी कारागिराच्या परिश्रमांना कमी लेखण्याचेही कारण नाही. एका विस्मृत विमानाचे सहगुणक जुळविण्यासाठी महिनोन्‌महिने कागदपत्रे चाळणारा माणूस विद्येचीच सेवा करीत असतो. प्रश्न एवढाच आहे की, त्याच्या विद्येच्या परिघात जमीन येते की नाही.

६. समारोप

अनुकरणाच्या चर्चेत भारतीय साहित्यशास्त्राने शंकुकाला खोडून काढले आणि अभिनवगुप्ताने साधारणीकरणाचा मार्ग धरला. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पासून (१९७४) मराठीतही कलेच्या स्वायत्ततेचा प्रश्न अधिक मध्यवर्ती राहिला आणि अनुकरण हा काहीसा मागे पडलेला विषय झाला. संगणकीय अनुकृतींनी तो पुन्हा समोर आणला आहे. चित्रतुरगन्याय या संदर्भात जुना ठरत नाही. उलट चित्रावर स्वार होणे शक्य झाल्याने त्याची धार वाढली आहे. त्याचवेळी भट्टतौतांचा आक्षेपही तितकाच जिवंत आहे.

युद्धविमानाच्या अनुकृतीचा विचार करताना म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. ती उडते काय, याचे उत्तर समीकरणे देतील. ती कोणत्या प्रमाणांवर उभी आहे, याचे उत्तर पाठचिकित्सा देईल. ती कोणाच्या दृष्टीने खरी आहे, याचे उत्तर देण्यासाठी मात्र अनुकृतीच्या बाहेर जावे लागते : तमिळ बोलीतील 'एम्डन'पर्यंत, १९४२च्या ओस पडलेल्या रस्त्यांपर्यंत, आवडीच्या कारखान्यातील रणगाड्याच्या आतल्या बाजूपर्यंत. क्रोमपेटच्या ड्रॉइंग बोर्डावरील विमानाने पहिली परीक्षा तीन दिवसांत कागदावर दिली. दुसरी परीक्षा देण्याची साधने आज कोणाही विद्यार्थ्याला उपलब्ध आहेत. तिसरी परीक्षा त्या आराखड्याच्या वेळी कोणी घेतली नाही आणि सिम्युलेटरही ती घेत नाही. ती घेण्याचे दायित्व तौलनिक साहित्याच्या अभ्यासकावर येते, कारण वरच्या आणि खालच्या दोन्ही अनुकृती एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याची सवय याच विद्याशाखेला आहे.